राहिलेली लस पहिल्यापासून घ्यायची नसते

ताई, दीड महिन्याची लस झाली, मग माहेरी तेलंगणात मुक्काम लांबला आणि पुढचे डोस राहिले. बाळ आता अकरा महिन्यांचं आहे, तर सगळं पहिल्यापासून घ्यायचं का, असं तुम्ही विचारलंत. नाही. कितीही खंड पडला तरी झालेला डोस धरायचा आणि पुढचा द्यायचा.

येत्या लसीकरण सत्रालाच जा. पेंटाव्हॅलंटचा (पाच आजारांवरची एकत्र लस) दुसरा डोस डाव्या मांडीत, गोवर-रुबेलाचा पहिला उजव्या दंडात, सोबत पोलिओ, रोटा (जुलाबावरची लस) आणि 'अ' जीवनसत्त्वाचं औषध. एकाच दिवशी सगळं चालतं. पेंटाचा तिसरा डोस किमान 4 आठवड्यांनी. न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची लस) आणि पोलिओच्या इंजेक्शनचं अंतर वेगळं असतं, ते सिस्टर कार्ड बघून सांगतील. साध्या सर्दी-खोकल्यासाठी थांबू नका.

यातलं गोवराचं इंजेक्शन एक दिवसही पुढे ढकलू नये असं मला वाटतं. कुणालाच संरक्षण नसेल तर गोवराचा एक रुग्ण 12 ते 18 जणांना लागण करतो, आणि पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून. म्हणून सुमारे 95 टक्के मुलांचे दोन्ही डोस झालेले लागतात. अख्ख्या सोलापूरचा आकडा चांगला असला तरी कुंभारीच्या विडी घरकुलात एखाद्या गल्लीत दहा मुलं राहिली असतील, तर साथ तिथेच पेटते. नऊ महिन्यांच्या डोसाने साधारण 85 टक्के मुलांना संरक्षण मिळतं, उरलेल्यांसाठी दुसरा.

सत्राला लवकर पोचा. गोवर-रुबेलाची कुपी पाणी मिसळल्यावर 4 तासांत टाकून द्यावी लागते, शेवटी एका बाळासाठी नवी फोडायला काही ठिकाणी कां-कूं होते. तरीही मागा, तो बाळाचा हक्क आहे. आपल्याकडच्या उन्हात लस तापून खराब झाली नाही ना, हे सांगणारी कुपीवरची खूणही बघून घ्या: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट हवा.

नंतर अर्धा तास तिथेच थांबा. पेंटाने एक-दोन दिवस ताप येतो. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, सिस्टरना विचारूनच. गोवराच्या लसीचा ताप किंवा बारीक पुरळ मात्र आठवडा-दीड आठवड्याने उठतो आणि घरात 'लसीनेच गोवर झाला' म्हणतात. तो सौम्य असतो, आपोआप जातो. झटके आले किंवा बाळ सुस्त पडलं तर थेट सिव्हिल गाठा.

सोळा महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा दुसरा; डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर मात्र पेंटाच्या तिसऱ्या डोसानंतर किमान 6 महिन्यांनी. तेव्हा माहेरी असाल तर कार्ड सोबत न्या, तिथल्या सरकारी केंद्रातही लस मोफत मिळते.