मोठा गेम लावला की पीसी हँग होतो, एरवी नाही. ग्राफिक्स कार्ड गेलं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड आणि ६५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), पावणेतीन वर्षांपूर्वी असेंबल केलेलं मशीन. ब्राउझर, व्हॅलोरंटसारखा हलका गेम दिवसभर चालतो. मोठा गेम लावला की पंधरा-वीस मिनिटांत चित्र थिजतं, आवाज टर्रर्र करत अडकतो आणि पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं. दोनदा फॉरमॅट मारून झालं. दुकानदार म्हणतो, कार्ड गेलं, नवीन घ्या.

नवीन कार्डाचे पैसे अजून देऊ नका. गेल्या मे महिन्यात, नागपूरच्या ऐन उन्हाळ्यात, माझ्या मशीनने हुबेहूब हेच केलं होतं आणि मलाही हेच सांगितलं गेलं होतं. कार्ड धडधाकट होतं, आजही त्याच कार्डावर खेळतो.

मोठा गेम प्रोसेसर, कार्ड, रॅम आणि एसएमपीएस या सगळ्यांना एकदम कामाला जुंपतो. त्यामुळे गेममध्ये हँग झालं एवढ्यावरून नेमकं कोण खचलं ते कळत नाही. एकेकाला वेगळं काढून पळवावं लागतं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते. दोन गोष्टी एकदम बदलल्या की मशीन सुधारलं तरी कशामुळे ते कळत नाही.

पुढच्या वेळी हँग झालं की बटण दाबण्याआधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागत-विझत असेल तर विंडोज जिवंत आहे, फक्त चित्र अडकलंय. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबली की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. चित्र परत आलं तर संशय ड्रायव्हरवर किंवा कार्डावर. दिवाही हलत नसेल तर सगळं मशीनच थिजलंय, आणि मग रॅम, प्रोसेसर आणि वीजपुरवठाही संशयात येतात.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, तुम्हाला ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसेल. त्यातला ‘पॉवर’ शब्द वाचून लगेच नवा एसएमपीएस आणू नका. विंडोज नीट बंद न होता मशीन बंद पडलं, एवढंच ती नोंद सांगते. तुम्ही बटण दाबून बंद केलंत म्हणून ती पडणारच. त्याच्या आसपास ‘व्हीआ-लॉगर’च्या (WHEA-Logger) नोंदी आहेत का ते शोधा. त्या हार्डवेअरच्या चुकीच्या असतात, त्यांना किंमत आहे.

मग एचडब्ल्यूइन्फो हे तापमान वगैरे मोजणारं सॉफ्टवेअर टाका, त्यात लॉगिंग (मोजमापं फाइलमध्ये लिहिणं) सुरू करा आणि गेम खेळा. हँग झाल्यावर त्या फाइलची शेवटची ओळ उघडा. अडकण्याच्या एक-दोन सेकंद आधी तापमान किती होतं ते तिथे लिहिलेलं असतं. तुमच्या प्रोसेसरची मर्यादा ९० अंश आहे. पण नुसतं तापलं की तो आधी वेग कमी करतो, सहसा थेट थिजत नाही. कार्डाचं ‘हॉटस्पॉट’ (चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचं तापमान) मुख्य तापमानापेक्षा २५-३० अंशांनी वर असेल तर चिपची उष्णता बाहेर नेणारी आतली पेस्ट वाळली असावी. ब्लोअरने धूळ काढाच, फक्त हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.

आता मुख्य भाग. मी सिनेबेंच या प्रोसेसरच्या चाचणीवर प्रोसेसर एकटा तासभर पळवला, काही झालं नाही. फरमार्क या कार्डाच्या चाचणीवर कार्ड एकटं अर्धा तास पळवलं, तेही ठीक. गेम लावला आणि आठव्या मिनिटाला टर्रर्र. साइड पॅनल काढून समोर टेबलफॅन लावला, तरी तेच. म्हणजे उष्णता नव्हे. मग आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट (वीज खेचण्याची मर्यादा) ७० टक्क्यांवर आणली आणि दोन तास गेम अखंड चालला. तिथे खरा धागा हाती लागला: कार्डाला वीज पुरत नव्हती.

कार्डावर २२० वॅट लिहिलेले असले तरी गेममध्ये क्षणभर मागणी त्याच्या बरीच वर उडते. फरमार्कचा भार एकसारखा असतो, म्हणून त्यात हे पकडलं गेलं नाही. एसएमपीएससाठीच्या २०२२च्या एटीएक्स ३.० मानकात त्याने असे क्षणिक झटके सोसावेत अशी अट घातली गेली. त्याआधीच्या सगळ्याच एसएमपीएसकडून ती खात्री नाही.

मी टॉर्च घेऊन आत पाहिलं. एसएमपीएसमधून एकच केबल निघून तिच्या दोन तोंडांनी कार्डाला वीज जात होती. त्यातलं एक तोंड नखाएवढं वर राहिलेलं, त्याची खिट्टी बसलीच नव्हती. बाहेर काढलं तर एका पिनेभोवतीचं काळं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. माळ्यावरच्या खोक्यात एसएमपीएससोबत आलेली जादा केबल होती. दोन वेगळ्या केबल लावल्या, दोन्हींचा ‘टक्’ आवाज ऐकला, पॉवर लिमिट पुन्हा १००वर नेली. त्यानंतर एकदाही हँग नाही.

कळकळीने सांगतो: केबल त्याच एसएमपीएसची वापरा. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची जुळणी मॉडेलगणिक बदलते. मित्राची केबल लावली तर चांगलं कार्ड क्षणात जळू शकतं.

तुमच्याकडे ७० टक्क्यांवरही हँग झालं तर रॅमकडे वळा. बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जादा वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करून खेळून बघा. एक्सएमपी हे ओव्हरक्लॉकिंगच आहे. तुमच्या प्रोसेसरला अधिकृत पाठिंबा ३२०० वेगाच्या रॅमपर्यंतचा आहे आणि ३६००ची रॅम वर्षभर चालून नंतर कुरकुरायला लागू शकते. मग मेमटेस्ट८६+ ही रॅमची चाचणी पेन ड्राइव्हवर घालून रात्रभर चालू ठेवा. त्यात एकही चूक दिसली तर ती जास्तच.

यूपीएस असेल तर तपासणीपुरता बाजूला ठेवून मशीन थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावा. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. तुमचं कार्ड २२०, प्रोसेसर ७६, वर बोर्ड, पंखे, मॉनिटर. तो काठावरच आहे.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असलेल्या कुणी हे वाचत असेल तर आधी बायॉस अपडेट करा. ऑगस्ट २०२४ मधला ०एक्स१२९ मायक्रोकोड (बायॉससोबत येणारी प्रोसेसरची आतली दुरुस्ती) आणि पुढच्या महिन्यातला ०एक्स१२बी या चिपा बिघडू नयेत म्हणूनच आले. आधीच बिघडलेली चिप मात्र त्याने बरी होत नाही, पण इंटेलने अशा प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे.

हे सगळं करूनही सुटलं नाही तर कार्ड मित्राच्या मशीनमध्ये लावून तोच गेम तासभर खेळा. तिथेही अडकलं तर दुकानदार बरोबर होता. पण आपल्याकडे पुष्कळ कार्डांना तीन वर्षांची वॉरंटी असते आणि तुमची पावणेतीन झाली आहेत. बिलावरची तारीख आजच बघा.