वाचकांचे प्रश्न: सगळं बदललं तरी रेसची गाडी 'तीच' कशी?

प्रश्न: सर नमस्कार, मी लातूरला इंजिनिअरिंग करतो. जुन्या रेसिंग कारच्या लिलावाचे व्हिडिओ बघत असतो. इंजिन बदललेलं, बॉडी नवी, चेसिस पण दुरुस्त केलेली, तरी गाडी कोट्यवधीला जाते आणि म्हणतेत की ही तीच गाडी. हे कसं काय?

उत्तर: अगदी हाच वाद 1990 मध्ये लंडनच्या हायकोर्टात गेला होता. बेंटलीची 'ओल्ड नंबर वन' म्हणून एक स्पीड सिक्स मॉडेलची गाडी आहे, तिने 1929 आणि 1930 असं लागोपाठ दोनदा ल माँ, म्हणजे फ्रान्समधली 24 तासांची रेस, जिंकली, दोन्ही वेळा वुल्फ बार्नाटो चालवायला होता. तिचा सौदा ठरला 1 कोटी पौंडांना आणि मग घेणारा म्हणाला ही ती गाडीच नाही. आता रेसच्या गाडीचं कसं असतं, ती दर सीझनला उघडली जाते, ठोकली जाते, जिंकायचं म्हणून इंजिन काढून मोठं टाकतात, तसं हिच्यात पुढे 8 लिटरचं इंजिन बसलं, 1932 ला इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या रेसमध्ये हिच्यातच ड्रायव्हर क्लाइव्ह डनफीचा जीव गेला, आणि नंतर तिच्यावर कूपे बॉडी चढवली. कोर्टात तपासणी झाली तेव्हा 1929-30 चं नक्की म्हणता येईल असं जवळपास काही उरलं नव्हतं. तरी जस्टिस ऑटन यांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. ही गाडी ओरिजिनल, म्हणजे तेव्हाच्याच भागांची, म्हणता येणार नाही, पण ती मधेच कधी संपली नाही, बदलत बदलत चालू राहिली, म्हणून अस्सल ओल्ड नंबर वन हीच.

मला हा निकाल मनापासून पटतो. वेरूळला घृष्णेश्वराचं आत्ताचं देऊळ अहिल्याबाईंनी 18 व्या शतकात बांधून घेतलेलं, म्हणून ज्योतिर्लिंग नवीन आहे असं आपण म्हणतो का? नाही ना.

खरा घोळ होतो तो मधे खंड पडला की. जॅग्वारच्या डी-टाइप रेसगाडीचं उदाहरण घ्या, 1955 पासून तिची पुढची फ्रेम मागच्या टबला, म्हणजे ड्रायव्हर बसतो त्या पत्र्याच्या सांगाड्याला, बोल्टने जोडलेली असायची, त्यामुळे ठोकलेल्या गाडीची फ्रेम एकाकडे आणि टब दुसऱ्याकडे असं झालं, आणि पुढे दोघांनीही उरलेली गाडी नवीन बनवून घेतली तर एकाच इतिहासावर दोन गाड्या हक्क सांगायला उभ्या. त्यात पूर्वी टीमवाले कस्टमचे कागद एकाच गाडीचे असले की चेसिस नंबरची प्लेट काढून दुसऱ्या गाडीला सरळ लावायचे. त्यामुळे नुसत्या प्लेटवर विश्वास ठेवू नका. आणि व्हिडिओत 'एफआयएचे पेपर आहेत' असं सांगतात ना, तो एफआयएचा, म्हणजे मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेचा, हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट गाडी त्या काळच्या स्पेसिफिकेशनची आहे, हिस्टॉरिक रेसमध्ये पळू शकते एवढंच सांगतो. हीच ती जिंकलेली गाडी याची गॅरंटी तो देत नाही.

प्रश्न: जॅग्वारने स्वतःच 9 एक्सकेएसएस परत बनवल्या, मग त्या ओरिजिनल ना? (एक वाचक, नांदेड)

उत्तर: नाही. एक्सकेएसएस म्हणजे डी-टाइपचीच रस्त्यावर चालवायची गाडी. फेब्रुवारी 1957 मध्ये जॅग्वारच्या ब्राऊन्स लेनच्या कारखान्याला आग लागली त्यात तिच्या 9 गाड्या गेल्या, त्या जागी कंपनीने 2016 नंतर नव्या बनवल्या. काम सुंदर आहे, पण त्या नवीन गाड्या आहेत आणि नवीन म्हणूनच विकायला हव्यात.

प्रश्न: दादा, माझं वाळूजला गॅरेज आहे. परभणीच्या मामांकडे शेडमध्ये एक फियाट 1100 पडून आहे, मामा म्हणतेत ही मद्रासला शोलावरमच्या रेसमध्ये पळलेली. एक पार्टी म्हणते आधी पूर्ण नवी करा मग चांगला भाव देतो. काय करू?

उत्तर: आधी ग्राइंडर बाजूला ठेवा, हात जोडून सांगतो. शोलावरमला युद्धाच्या वेळची विमानाची धावपट्टी होती, तिथे कित्येक वर्षं रेसेस झाल्या आणि लोक आपल्या साध्या फियाट, हेराल्ड घरच्या गॅरेजला तयार करून पळवायचे, म्हणजे मामांचं म्हणणं खरं असू शकतं, पण पुरावा असलाच तर तो त्याच पत्र्यात आहे जो पार्टी तुम्हाला कापून फेकायला सांगतेय.

तुम्ही पत्र्याचं काम जाणता, तर असं करा. दारावर एका कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागेत पाणी लावून बारीक पेपरने हळूहळू घासा, एकेक रंगाचं कडं उघडं पडत जाईल, खाली रेस नंबरचा गोल पांढरा पट्टा किंवा आकड्याची कड निघाली तर तिथेच थांबा आणि फोटो काढा. फ्लोअरला रोल बार (गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा पाइप) किंवा जादा बेल्टची भोकं बुजवलेली दिसतात का बघा, आणि ते वेल्डिंग जुन्या गॅसचं आहे की अलीकडच्या मिग मशीनचं हे तर तुम्ही नजरेनेच सांगाल. चेसिस आणि इंजिन नंबरचा पेन्सिल प्रिंट घ्या, आरटीओला ट्रान्सफरच्या वेळी एजंट घेतो तसाच. हाताने पंच केलेला आकडा थोडा वरखाली आणि कमीजास्त खोल असतो, तेवढ्यावर घाबरू नका, भोवतीचा पत्रा घासून पातळ झालेला दिसला तर मात्र शंका घ्या.

मग कागद. जुनं आरसी बुक, टॅक्सच्या पावत्या, आधीच्या मालकांची नावं, आणि रेसच्या दिवशीचा फोटो मिळाला तर त्यातला एखादा पोचा किंवा जादा लॅम्पचं ब्रॅकेट आजच्या गाडीशी जुळवून बघा, नंबर प्लेटपेक्षा असा पोचा जास्त खरं बोलतो. मधली दहा वर्षं गाडी कुठे होती हे कळत नसेल तर तेवढी जागा कोरी सोडा, अंदाजाने भरू नका.

आणखी एक, 2021 पासून 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आहे, नंबरमध्ये 'व्हीए' येतं, नवीन नोंदणीची फी 20 हजार आणि मुदत 10 वर्षं. पण त्यात अट अशी की चेसिस, बॉडी शेल आणि इंजिनमध्ये मोठा फेरबदल झालेला नसावा. पार्टीचं ऐकून नवी बॉडी टाकली तर हा दरवाजा पण बंद व्हायची भीती.

जे बदलावंच लागेल ते बदला, ब्रेक, वायरिंग, सडलेला फ्लोअर, जीव महत्त्वाचा. फक्त निघालेला तुकडा भंगारात देऊ नका, तारीख लिहून पोत्यात ठेवा, नव्या तुकड्यावर आतल्या बाजूने साल पंच करा. आणि मामांना या रविवारीच गाडीशेजारी बसवून फोनवर रेकॉर्ड करा, कोणाकडून घेतली, किती साली, कोण चालवायचं, आणि त्या माणसाच्या घरचं आता कोण कुठे आहे.