तळाला चिकटून बसणारा स्कल्पिन

प्रश्न : थंड समुद्राच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या डबक्यांत स्कल्पिन दिसतो. तो इतर माशांसारखा पोहत का नाही? आणि बादलीत ठेवला की धापा का टाकतो?

उत्तर : त्याच्या पोटात हवेची पिशवीच नसते. शेपूट हलवणं थांबलं की तो थेट तळाला जातो. लाटांच्या माऱ्यात हे बरंच! छातीचे पंख पंख्यासारखे पसरून तो खडकाला टेकतो. रंग दगडासारखाच ठिपक्याठिपक्यांचा, म्हणून हलेपर्यंत दिसत नाही.

धापांचं कारण बादली. थोडं पाणी उन्हात झपाट्याने तापतं, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. बघायचाच असेल तर बादली सावलीत ठेवा, मिनिट-दोन मिनिटांत सोडा. हात आधी समुद्राच्या पाण्यात ओले करा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गालाजवळच्या काट्यांना जपा.

सोडताना मात्र त्याच डबक्यात. उत्तर अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरचा डबक्यातला स्कल्पिन दुसरीकडे सोडला तरी वासाच्या मागाने आपलं डबकं शोधतो. उगाच कशाला त्याची पायपीट? उचललेला दगडही होता तसाच, खालची बाजू खाली ठेवा. तिथे अंडी चिकटलेली असू शकतात.