परसातल्या कोंबड्यांच्या अंड्यांचे कवच पातळ का येते?

तांदळाच्या कण्या आणि घरातले उरलेसुरले अन्न एवढ्यावर राहिलेल्या कोंबड्यांना बहुधा कॅल्शियम कमी पडते, म्हणूनच त्यांची अंडी हातात घेताच दबतात. त्यांना लेअर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीचे, जास्त कॅल्शियम असलेले तयार खाद्य) सुरू करावे आणि शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवावा. एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असते आणि कवच मुख्यतः रात्री घडते, त्यामुळे पोटात सावकाश विरघळणारे जाड तुकडे बारीक पुडीपेक्षा अधिक उपयोगी पडतात. चुरा खाद्यात मिसळण्याची गरज नाही, कोंबडी स्वतःच गरजेप्रमाणे टिपून खाते. मात्र अंड्यावर न आलेल्या तलंगा आणि पिल्ले यांना लेअर खाद्य मुळीच देऊ नये. जादा कॅल्शियममुळे त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते.