फॅनफिकवर कमेंट कशी करायची? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आर्काइव्ह ऑफ अवर ओन या साइटवर रोज रात्री फॅनफिक (आवडत्या मालिका-पुस्तकांवर चाहत्यांनी लिहिलेल्या कथा) वाचते, पण इंग्रजी कच्चं असल्यामुळे कमेंट करायला धजत नाही. कुडोज, म्हणजे तिथलं लाइकसारखं बटण, तेवढं दाबते. तेवढं पुरे ना?

कुडोज देताय हे छानच, पण तिथे एका कथेला कुडोज एकदाच देता येतो, म्हणजे पहिल्या चॅप्टरला देऊन मोकळ्या झालात की विसाव्या चॅप्टरला तुम्ही ढसाढसा रडलात हे लिहिणाऱ्याला कळणार कसं? तिथे कमेंटच लागते. आणि इंग्रजीचं एवढं मनावर घेऊ नका हो, जगभरातले लोक तिथे मोडकंतोडकं लिहीत असतात. आवडलेलं वाक्य कॉपी-पेस्ट करा आणि खाली एक ओळ टाका. 'तो दोनदा चहा ओततो आणि एक घोटही घेत नाही, तिथेच मला कळलं की हा घाबरलाय', अशी कमेंट आली की लिहिणारा दिवसभर खुशीत असतो, कारण ती जागा त्याने मुद्दाम पेरलेली असते आणि ती कोणाच्या लक्षात आली की नाही हे एरवी त्याला कळतच नाही. कथा २०१२ची असली तरी बिनधास्त लिहा, उशीर वगैरे काही नसतो.

प्रश्न: कथेत व्याकरणाच्या चुका आहेत, हिरोही मूळ मालिकेतल्यासारखा वागत नाही. सांगितलं तर मदतच होईल ना?

न विचारता नको, इथे माझं मत ठाम आहे. ही मंडळी नोकरी, परीक्षा, घर सांभाळून फुकट लिहितात, त्यामुळे पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकासारखं आपण बोलू नये. प्रतिलिपीवर पाचपैकी स्टार द्यायची सोय असते, त्यामुळे आपल्याकडे वाचलं की लगेच मार्क द्यायची सवय लागते, ती इथे बाजूला ठेवा. लेखकाच्या नोटमध्ये 'कॉनक्रिट चालेल' (म्हणजे सुधारणा सुचवणारी टीका चालेल) असं लिहिलं असेल तर खुशाल सांगा, पण आधी काय जमलंय ते आणि मग एखादीच खटकलेली गोष्ट, ती पण नेमकी कुठे ते दाखवून. बाकी दुरुस्तीसाठी बीटा रीडर असतात, पोस्ट करायच्या आधी मसुदा वाचणारे. कथेतली प्रेमाची जोडीच आवडत नसेल तर मुळात वाचूच नका, टॅगमध्ये ती लिहिलेली असते.

प्रश्न: मी लिहिते. परीक्षेमुळे अपडेट थांबलंय तर सगळे 'नेक्स्ट पार्ट कधी?' एवढंच विचारतात, एकाने तर शिव्या घातल्या. उत्तर द्यायलाच हवं का?

अजिबात नाही! तुम्ही कोणाचं काही देणं लागत नाही. 'नेक्स्ट पार्ट कधी' विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा कथा आवडलेली असते, फक्त ते सांगायचं कसं हे सुचत नाही, म्हणून त्यांच्यावर चिडू नका, नोटमध्ये एकदाच लिहून टाका की परीक्षा झाल्यावर येईल. शिव्या देणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्याशी वाद घालू नका, कमेंट डिलीट करा आणि त्याला ब्लॉक करा. आर्काइव्हवर ब्लॉक केलेला माणूस तुमच्या कथेवर कमेंट करू शकत नाही. लॉगिन न करता येणारे गेस्ट बंद करता येतात, कमेंट आधी तुमच्याकडे मंजुरीला येईल असंही सेटिंग आहे, आणि भांडण पेटलंच तर तो थ्रेड फ्रीज करता येतो, म्हणजे त्यात पुढे कोणी उत्तर देऊ शकत नाही. या सोयी तुमच्यासाठीच आहेत, त्या वापरल्या म्हणून कोणी घमेंडी ठरत नाही.

प्रश्न: एक कथा इतकी आवडली की मराठीत करावीशी वाटते. करू?

आधी कमेंटमध्ये परवानगी मागा. काही जण प्रोफाइलवरच लिहून ठेवतात की अनुवादाला हरकत नाही, ते बघून घ्या. उत्तर आलं नाही तर तो नकार समजा. होकार आला तर अनुवाद टाकताना मूळ कथेची लिंक जोडा, आर्काइव्हवर त्याची सोय आहे. आणि 'पैसे पाठवू का' असं तिथे विचारू नका, पैशांचा व्यवहार तिथल्या नियमात बसत नाही.