दिव्याखालच्या पाकोळ्या, राईतल्या पाकोळ्या

वाचकांचे प्रश्न : तुटलेलं जंगल आणि वटवाघळं

प्रश्न (दोडामार्ग तालुका) : गावाभोवतीचं जंगल तुटून काजू आणि रबर झालं. देवराई तेवढी अडीच एकरांची उरली. तरी खांबावरच्या दिव्याखाली पाकोळ्या, म्हणजे लहान वटवाघळं, पूर्वीइतक्याच दिसतात. मग जंगल तुटलं की वटवाघळं घटतात, हे कशावरून म्हणायचं?

उत्तर : दिव्याखाली दिसतात त्या राईतल्या नव्हेतच. त्या गावच्या. कौलांखाली, भिंतींच्या फटींत राहतात, उघड्यावर भराभर उडतात आणि दिव्यावर जमलेले किडे टिपतात. जंगल तुटून दिवे वाढले तर त्यांचं फावतंच. त्यांच्यावरून राईची तब्येत कळत नाही.

राईच्या आत शिकार करणारी वटवाघळं निराळी. उदाहरणार्थ, नाकावर घोड्याच्या नालेसारखी कातडी असलेली, म्हणजे नालनाकी. पंख आखूड आणि रुंद, उडणं संथ, पण वेलींच्या जाळीतून अंग न लावता वळणारं. अंधारात ती आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून किडे शोधतात. सह्याद्रीत आढळणाऱ्या अशा एका जातीचा हा आवाज 80 किलोहर्ट्झच्या आसपास असतो. इतका उंच आवाज हवेत लवकर विरतो. काही मीटरांपलीकडचा किडा त्यातून कळत नाही. दाट झाडीत तेवढं पुरतं. मोकळ्या कातळसड्यावर किंवा नुकत्याच साफ केलेल्या जागेत मात्र प्रतिध्वनी द्यायला जवळ काहीच नसतं, शिवाय संथ उडणाऱ्याला घुबडाचं भय. म्हणून आपण चार मिनिटांत चालून जाऊ असा मोकळा पट्टाही त्यांना अडवू शकतो.

दुसरी अडचण घराची. मलेशियातल्या जंगल-तुकड्यांच्या अभ्यासात झाडांच्या ढोल्यांत आणि पानांत राहणाऱ्या जातींना गुहेत राहणाऱ्यांपेक्षा जास्त फटका बसलेला दिसला. कारण उघड आहे: जंगल तोडलं तरी गुहा जागेवर राहते, ढोली झाडाबरोबर जाते. कर्नाटकात, खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यात, बारापेडे गुहेत, रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ राहतं. लांब, अरुंद पंखांचं, उंच आभाळात उडणारं. भोवतीची झाडी तुटक झाल्याने त्याचं जितकं अडेल, त्याहून जास्त गुहेत माणसांची वर्दळ वाढल्याने अडेल. तेव्हा ‘वटवाघळं घटतात’ असं सरसकट म्हणण्यापेक्षा कुठली घटतात ते विचारावं.

आणि घट दिसते उशिरा. बहुतेक जातींत मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, आयुष्य मात्र आकाराच्या मानाने लांब. म्हातारी टिकून असतात तोवर सगळं ठीक वाटतं.

प्रश्न (सावंतवाडी) : आमची राई आणि ओढ्यापलीकडचं राखीव जंगल यांच्यामध्ये साधारण 400 मीटर काजूची बाग आहे. बाग न तोडता दोन्ही जोडता येतील का?

उत्तर : येतील, आणि सुरुवात ओढ्यापासूनच करा. तमिळनाडूत अनमलाईतल्या वालपराई पठारावर चहा, कॉफी आणि जंगल यांतली वटवाघळं तपासली गेली, तेव्हा नुसत्या चहाच्या मळ्यांपेक्षा देशी झाडांच्या सावलीतली कॉफी आणि नदीकाठच्या झाडीच्या पट्ट्यांनी कितीतरी जास्त विविधता राखलेली दिसली. काठची साफसफाई आधी थांबवा. जे आपोआप उगवतं ते लावलेल्यापेक्षा चिवट असतं.

ओढ्यापासून राईपर्यंत बांधावर झाडांच्या दोन ओळी, आडव्यातिडव्या, चार-पाच मीटरवर. छत्र्या पुढे एकमेकींना भिडल्या पाहिजेत. मध्ये दहा मीटरांची खिंड राहिली तरी संथ उडणाऱ्यांसाठी ओळ तुटलीच समजा. उंबर, करंज, जांभूळ, बकुळ, ओलाव्याला उंडी. कुंभा आणि टेटू मुद्दाम घ्या. त्यांची फुलं रात्री उमलतात आणि परागीभवन वटवाघळं करतात. वडासाठी मनगटाएवढा, सहा-सात फुटी खुंट पावसाच्या तोंडावर दोन फूट खोल रोवा, वरच्या टोकाला शेण लिंपा.

फसतं कुठे? कातळावर खड्डा उथळ राहतो, मुळं फिरत नाहीत, पहिल्याच मार्चमध्ये रोप जातं. गुरं शेंडे खातात, म्हणून दोन वर्षं काटेरी कुंपण हवंच. वणवा येतो, त्यासाठी डिसेंबर-जानेवारीत दोन्ही अंगांनी दहा फूट गवत कापून पट्टा मोकळा ठेवा. लवकर वाढते म्हणून ऑस्ट्रेलियन बाभूळ लावण्याचा मोह मात्र टाळा. ओळ दिसते छान, वटवाघळांच्या पोटाला काही नाही.

या ओळीवर दिवा लावू नका. नालनाकी वटवाघळं उजेड टाळतात; एक फ्लडलाइट पाच वर्षांची मेहनत फुकट घालवू शकतो. सुकलेलं, पोकळ झालेलं झाड वाटेवर पडायचं भय नसेल तर उभं ठेवा, कारण नव्या झाडाला ढोली पडायला काही दशकं लागतात. लाकडी पेट्या टांगायचा विचार असेल तर फटीत शिरणाऱ्या पाकोळ्या येतीलही, पण नालनाकींना मोकळं लटकायला आणि उडतच आत शिरायला जागा लागते. त्या पेटीत येत नाहीत.

प्रश्न (सातारा) : मंदिरामागच्या बेहड्यावर मोठी वडवाघळं आली आहेत. वटवाघळांतून पसरणाऱ्या निपाह विषाणूच्या भीतीने लोक फटाके लावून हाकलायला निघालेत. काय करावं?

उत्तर : फटाके थांबवा. मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला निपाहच्या खुणा सापडल्या, हे खरं. पण हाकलल्याने विषाणू जात नाही. थवा बिथरून चार ठिकाणी विखुरतो, आणि फेब्रुवारी ते मे या काळात अंगाला बिलगलेली पिल्लं खाली पडतात. लोक ती उचलायला धावतात, धोका तिथेच असतो. पडलेलं, मेलेलं वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नका. कुरतडलेली फळं खाऊ नका, विहिरीवर जाळी टाका आणि झाडाखालची बसायची जागा हलवा.

हे थवे गावात येतात त्याचं एक कारण म्हणजे उंच, जुनी झाडं आता बहुतेक देवळांपाशीच उरली आहेत. दुसरं तसं झाड जवळ शिल्लक आहे का, ते आधी पाहा.