फौजेतून वर्गात येताना

नमस्कार हवालदारसाहेब, आपण शिक्षक व्हायचे ठरवलेत याचा मनापासून आनंद वाटला. आधी कोणत्या इयत्तांना शिकवायचे ते निश्चित करा, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३च्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, तेथे डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदविका) लागते.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका अशा:

- १५ वर्षांच्या सेवेवर मिळणारे पदवी-समकक्ष प्रमाणपत्र बी.एड.च्या प्रवेशाला पुरेल असे गृहीत धरणे. तेथे विद्यापीठाची पदवीच लागते.
- गोव्यात शिकवायचे असूनही कोकणीकडे दुर्लक्ष करणे. तेथे सरकारी नोकरीसाठी ती यावी लागते.
- वर्गात हुकूम सोडणे. ही चूक सर्वांत महागात पडते. आठवीच्या मुलाला ‘समजले का?’ असे दरडावून विचारले, की तो भीतीने होकारच देतो. त्याऐवजी त्याच्या हाती खडू देऊन फळ्यावर एक उदाहरण सोडवायला सांगितले, तर तो नेमका कोठे अडतो ते आपल्याला दिसते.

मूल्यमापनाचे बारकावे पुढे पाहू. सध्या जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या परवानगीने आठवडाभर शेवटच्या बाकावर बसून तास पाहा आणि रोज एक पाठ टाचण, म्हणजे तासाला काय आणि कसे शिकवायचे याची नोंद, लिहून काढा.